४८ झेंडे आणि एका जहाजाचा नकाशा

जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ले आणि त्याचा बँड ‘द वेलर्स’ यांचा ‘सर्व्हायव्हल’ हा अल्बम ऑक्टोबर १९७९ मध्ये आला. मार्लेच्या जन्माला ७५ वर्षं झाली म्हणून २०२० च्या नोव्हेंबरात त्याचे बारा अल्बम लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत नव्याने कापून, म्हणजे खाचा नव्याने कोरून, रेकॉर्डवर काढले गेले, त्यात हाही होता. जुन्या गाण्यांच्या अशा नव्या रेकॉर्डींकडे मी जरा संशयानेच बघतो. बहुतेकदा तोच माल नव्या किमतीला. इथे मात्र रेकॉर्डचा आग्रह पटतो, आणि त्याचं कारण आवाजापेक्षा कव्हर हे आहे.

मोबाइलच्या पडद्यावर हे कव्हर रंगीत गोधडीसारखं दिसतं. बारा इंचांच्या पुठ्ठ्यावर कळतं की ते झेंडे आहेत, आफ्रिकेतल्या देशांचे ४८, आणि जोडीला पापुआ न्यू गिनीचा एक. मार्लेचा चेहरा समोर कुठेच नाही. वर अल्बमचं नाव आहे आणि त्याच्यामागे बारीक नक्षीची पट्टी. ती नक्षी डोळ्यांजवळ धरून बघावी लागते. ती माणसं आहेत, ओळीने, एकमेकांना चिकटून आडवी निजवलेली. लिव्हरपूलच्या ‘ब्रूक्स’ या गुलामवाहू जहाजाचा हा नकाशा. इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी तो १७८८ मध्ये छापून वाटला होता. तेव्हाच्या नव्या कायद्याने त्या जहाजावर ४५४ गुलाम नेता येत होते. त्याआधीच्या एका फेरीत ६०० हून जास्त कोंबले होते. नेव्हिल गॅरिक या मार्लेच्या कलादिग्दर्शकाने जहाज आणि झेंडे एकाच चौकटीत बसवले आणि वर ‘सर्व्हायव्हल’ लिहिलं. म्हणजे तगून राहिलेले कोण, हे गाणं सुरू होण्याआधीच सांगून टाकलं.

हा अल्बम इतका थेट का झाला, हे समजायला तीन वर्षं मागे जावं लागतं. डिसेंबर १९७६ मध्ये जमैकात निवडणूक तोंडावर होती. मायकेल मॅनली आणि एडवर्ड सिआगा यांच्या पक्षांचे बंदूकधारी किंग्स्टनच्या वस्त्या वाटून बसले होते. ३ डिसेंबरच्या रात्री ५६ होप रोड या मार्लेच्या घरात शिरून हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या. मार्ले, पत्नी रीटा आणि मॅनेजर डॉन टेलर जखमी झाले. दोनच दिवसांनी मार्ले ठरलेल्या कार्यक्रमात गायला, आणि मग देश सोडून लंडनला गेला. १९७८ च्या मार्चमध्ये आलेला ‘काया’ प्रेमगीतांचा होता. मार्ले मऊ पडला, अशी टीका झाली. त्याच एप्रिलमध्ये किंग्स्टनला परतून त्याने मॅनली आणि सिआगा यांचे हात स्टेजवर एकमेकांच्या हातात दिले. वर्षअखेरीस तो इथिओपियाला जाऊन आला.

मग ‘सर्व्हायव्हल’चं ध्वनिमुद्रण झालं ते त्याच ५६ होप रोडवर, तिथे उभारलेल्या स्वतःच्या टफ गाँग स्टुडिओत. अल्बममधलं ‘ॲम्बुश इन द नाइट’ हे रात्रीच्या हल्ल्याचं गाणं, जिथे गोळ्या झाडल्या गेल्या त्याच आवारात गायलेलं.

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘वन ड्रॉप’ आहे. आपल्याकडे सम ही हक्काची जागा. सगळे तिथे येऊन टेकतात. या ठेक्यात चारांतली पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि वजन पडतं तिसरीवर. ड्रमवर कार्लटन बॅरेट. नव्या आवृत्तीत हे वजन कसं उतरलंय, ते ऐकण्यासारखं आहे. कापताना मूळ ध्वनी आणि कापणारं यंत्र दोन्ही अर्ध्या वेगाने चालवतात, म्हणजे मिनिटाला ३३⅓ ऐवजी १६⅔ फेरे. सुईला खाच कोरायला दुप्पट वेळ मिळतो, त्यामुळे झांजेसारखे वरचे बारीक आवाज नीट उतरतात.

पण अल्बमचं खरं राजकीय आयुष्य पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात आहे, ‘झिम्बाब्वे’मध्ये. गाणं आलं तेव्हा या नावाचा स्वतंत्र देश नव्हता. मूठभर गोऱ्यांच्या राजवटीने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनला न जुमानता ऱ्होडेशियाचं (आजच्या झिम्बाब्वेचं) स्वातंत्र्य परस्पर जाहीर केलं होतं. तेव्हापासून बहुसंख्य काळ्यांचा लढा चालू होता. जंगलातल्या गनिमांपर्यंत हे गाणं पोचलं. २१ डिसेंबर १९७९ रोजी लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये करार झाला, फेब्रुवारीत निवडणूक झाली, आणि स्वातंत्र्य सोहळ्याला मार्लेला बोलावणं गेलं. आवाजाची सगळी सामग्री त्याने स्वतःच्या खर्चाने विमानाने नेली.

१७ एप्रिल १९८० ची रात्र, सॉल्सबरीचं (आजचं हरारे) रुफारो स्टेडियम. प्रिन्स चार्ल्स होते, इंदिरा गांधीही होत्या. निमंत्रण होतं ते आत. ज्यांनी लढा दिला त्यांतले हजारो बाहेर. गाणं सुरू झाल्यावर बाहेरच्या गर्दीने फाटकं रेटली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि धूर स्टेजवरही आला. मार्ले थोड्या वेळाने परतून गायला. दुसऱ्या दिवशी त्याने सामान्य लोकांसाठी पुन्हा कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी, ११ मे १९८१ रोजी, तो कर्करोगाने गेला, वय ३६.

त्या रात्री रुफारोत जो झेंडा वर चढला, तो ‘सर्व्हायव्हल’च्या कव्हरवर शोधून सापडत नाही. कव्हर छापलं गेलं तेव्हा तो फडकायला अजून सहा महिने होते.