त्रानी

इटलीच्या आग्नेय भागातील पूल्या (आपुलिया) प्रांतातले, एड्रियाटिक समुद्राकाठचे एक बंदर. बारी शहरापासून किनाऱ्याने वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. आज इथे मुख्यतः मासेमारीच्या आणि सहलीच्या बोटी दिसतात. पण अकराव्या ते तेराव्या शतकांत पूर्वेकडच्या व्यापाराची आणि जेरुसलेमच्या यात्रेची गलबते याच बंदरातून सुटत असत. जुने गाव इथल्याच खाणींतल्या फिकट चुनखडकात बांधलेले आहे. ‘त्रानीचा दगड’ या नावाने तो आजही विकला जातो.

लोंबार्ड, बायझंटाईन आणि नॉर्मन अशा सत्ता इथे एकापाठोपाठ आल्या. लॅटिन आणि ग्रीक चर्च दोन्हींशी संबंध असल्याने गावाचे धार्मिक वजन त्याच्या आकाराहून मोठे होते. बाल्कनमधल्या ओहरिडचा ग्रीक चर्चचा आर्चबिशप लिओ याने पाश्चात्त्य (लॅटिन) चर्चच्या पवित्र प्रसादातल्या बेखमीर (खमीर न घातलेल्या) भाकरीवर टीका करणारे पत्र १०५३ मध्ये धाडले, ते त्रानीच्या बिशप जॉनला. पुढच्याच वर्षी रोम आणि कॉन्स्टँटिनोपल इथल्या चर्चमध्ये जी फूट पडली, तिच्या आधीच्या वादाला या पत्राने तोंड फोडले.

त्रानीची सागरी नियमावली प्रसिद्ध आहे. तिच्या संहितेत १०६३ हे वर्ष दिलेले असले, तरी उपलब्ध मजकूर बराच नंतरचा असल्याने अनेक अभ्यासक या सालाबद्दल शंका घेतात. सालापेक्षा तिच्यातला व्यवहारी शहाणपणा मोलाचा वाटतो. वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकट्या व्यापाऱ्याच्या माथी न मारता जहाजाशी आणि मालाशी संबंधित सर्वांनी वाटून घ्यावे, हे तत्त्व तिच्यात आहे.

त्रानीच्या कॅथीड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) जन्म एका परक्या मुलामुळे झाला. निकोलस नावाचा ग्रीक तरुण खांद्यावर क्रूस घेऊन ‘किरिए एलेइसॉन’ (प्रभो, दया कर) असा घोष करत पूल्यातून भटकत होता. अनेकांना तो वेडा वाटे, मुले मात्र त्याच्यामागे धावत. १०९४ मध्ये तो त्रानीत मरण पावला आणि काही वर्षांतच पोप दुसरा अर्बन याने त्याला संतपद दिले. शेजारच्या बारीने १०८७ मध्येच आशिया मायनरमधल्या मायराच्या संत निकोलसच्या अस्थी आणल्या होत्या. आता त्रानीलाही स्वतःचा निकोलस मिळाला. १०९९ मध्ये कॅथीड्रलचे काम सुरू झाले आणि मुख्य वास्तू बाराव्या शतकात उभी राहिली.

ही वास्तू मजल्यांनी वाचावी लागते. सर्वांत खाली संत लेउचिओच्या नावाचे भुयारी दालन, त्यावर सांता मारीया या जुन्या चर्चची जागा घेणारे खालचे मंदिर आणि त्यावर मुख्य प्रार्थनागृह. त्यामुळे दर्शनी दरवाजापर्यंत जायला दुहेरी जिना चढावा लागतो. आतले जोडस्तंभ पूल्याच्या रोमनेस्क (मध्ययुगीन, गोल कमानींच्या शैलीतल्या) चर्चमध्ये क्वचितच आढळतात. पूर्वेकडचा भाग सर्वांत देखणा: उंच, जवळजवळ कोऱ्या भिंतीला तीन अर्धवर्तुळाकार बुरूज बिलगलेले, आणि पलीकडे लगेच समुद्र. कोरीवकाम मोजकेच असल्यामुळे दगडावरचा उजेडच अलंकार होतो. घंटाघर नंतरचे, प्रामुख्याने तेराव्या शतकातले. त्याच्या पायथ्याशी मोठी कमान असून तिच्याखालून माणसे ये-जा करतात. मनोरा धोकादायक झाल्याने विसाव्या शतकाच्या मध्यात तो उतरवून पुन्हा रचण्यात आला. कॅथीड्रलचे ब्राँझचे दार बारिसानो दा त्रानी या स्थानिक कलावंताचे आहे. त्याने दक्षिण इटलीतल्या राव्हेल्लोसाठी (११७९) आणि सिसिलीतल्या मोनरेआलेसाठीही दारे घडवली. मूळ दार जपणुकीसाठी आत हलवले असून बाहेर प्रतिकृती बसवली आहे.

सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३३ मध्ये किल्ल्याचे बांधकाम सुरू केले: चौकोनी तळ, कोपऱ्यांवर बुरूज, पायाशी समुद्र. त्याचा मुलगा मानफ्रेड याच्याशी लग्न करण्यासाठी ग्रीसच्या बाजूच्या एपिरस राज्याची राजकन्या हेलेना १२५९ मध्ये गलबतांनी त्रानीला उतरली. १२६६ मध्ये बेनेव्हेंतोच्या लढाईत मानफ्रेड मारला गेला, तेव्हा मुलांना घेऊन माहेरच्या वाटेने निघालेली हेलेना याच गावात पकडली गेली. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला आणि १९७० च्या दशकापर्यंत तो तसाच वापरात होता.

बंदराजवळच्या ज्यू वस्तीला मात्र इतिहासात नेहमी पुरेशी जागा मिळत नाही. स्पेनमधल्या तुदेलाचा ज्यू प्रवासी बेंजामिन बाराव्या शतकात इथे आला. जेरुसलेमला जाणारे यात्रेकरू या सोयीच्या बंदरात जमतात, अशी नोंद त्याने केली. तालमूद या ज्यू धर्मशास्त्रग्रंथाचे थोर भाष्यकार इसाया दि त्रानी याच गावचे. इथे चार सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे) होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस सक्तीच्या धर्मांतराच्या काळात त्यांची चर्च झाली. त्यांपैकी दोन टिकून आहेत. स्कोलानोव्हा एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा ज्यू उपासनेसाठी खुला झाला. दुसरा सांत आन्ना; आता तो संग्रहालयाचा भाग आहे. तो १२४७ मध्ये बांधल्याचे सांगणारा हिब्रू शिलालेख चर्चच्या काळातही नष्ट झाला नाही, आणि अजून तिथे वाचता येतो.