दुरुस्ती निधी आणि कायम निधी: जुन्या चर्चसाठी पैसे जमवताना

जुन्या चर्चचं छप्पर गळू लागलं की ‘जीर्णोद्धारासाठी सढळ हाताने द्या’ असं आवाहन निघतं आणि जमलेले सगळे पैसे एकाच खात्यात जातात. इथेच पुढच्या अडचणींची सुरुवात होते. दुरुस्ती निधी हा ठरलेल्या कामावर खर्चून संपवायचा असतो. कायम निधीच्या, म्हणजे कॉर्पसच्या, मुदलाला हात लावायचा नसतो. त्याच्या व्याजातून वास्तूची दरवर्षीची देखभाल करायची असते.

दुरुस्ती निधीचा आकडा वास्तुसंवर्धन तज्ज्ञाच्या पाहणीवरून ठरवावा, कंत्राटदाराच्या तोंडी अंदाजावरून नाही. अंदाजपत्रकात परांची, तज्ज्ञाची फी आणि जीएसटी वेगळे दाखवा. अनपेक्षित खर्चासाठी १५ ते २० टक्के ठेवा, कारण वाशांची भिंतीत गेलेली टोकं कुजली आहेत का, हे कौलं उतरवल्यावरच कळतं. कामाचा क्रम छप्पर, पन्हळी, भिंती आणि मग फरशी व रंग असा हवा. देणगीदारांना मात्र संगमरवरी फरशी आणि वेदीची सजावट आवडते, त्यामुळे पन्हळीला कोणी पैसे देत नाही. म्हणून आवाहन टप्प्याटप्प्याने काढावं आणि एका टप्प्याचे पैसे हाती आल्याशिवाय कौलं उतरवू नयेत. एप्रिलअखेर छप्पर उघडं राहिलं आणि निधी आटला, तर पहिल्याच पावसात चुन्याचा गिलावा भिजून सुटतो.

कायम निधीचं गणित उलट दिशेने मांडतात. पन्हळी साफ करणं, फुटकी कौलं बदलणं, वाळवीवर फवारणी, रंगीत काचांची डागडुजी यांना वर्षाला २ लाख लागतात आणि ठेवीवर ७ टक्के व्याज मिळतं, असं धरा. सगळं व्याज खर्चलं तर महागाई मुदलाला आतून खात राहील. ४ टक्केच खर्चायचे आणि उरलेले मुदलात घालायचे, तर ५० लाख जमवावे लागतील. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) लष्करी छावणीच्या काळातलं. अशा मोठ्या वास्तूंची आजची उपासकांची मंडळी लहान असते, आणि रविवारच्या दानावर एवढं छप्पर सांभाळता येत नाही. आमच्या मते दुरुस्तीचं आवाहन काढतानाच कायम निधीचंही काढावं. काम झाल्यावर लोकांचा उत्साह ओसरतो.

करात हा फरक जास्त बोचतो. साध्या देणगीतलं ८५ टक्के उत्पन्न ट्रस्टने त्याच वर्षी खर्चायचं असतं. दुरुस्तीचे पैसे तीन वर्षं जमवायचे असतील, तर हेतू नोंदवून ते पाच वर्षांपर्यंत साठवण्याचा अर्ज मुदतीत करावा लागतो. तो राहून गेला की साठलेल्या रकमेवर कर बसतो. कॉर्पसला हा नियम नाही, पण ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ असं देणगीदाराने स्वतः लेखी द्यावं लागतं आणि पैसा मान्य ठेवींमध्ये वेगळा गुंतवावा लागतो. नंतर ट्रस्टींनी ठराव करून चालत नाही.

गोंधळ वाढवणारा एक अपवादही आहे. केंद्र सरकारने ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाचं म्हणून अधिसूचित केलेल्या चर्चला दुरुस्तीची देणगी कॉर्पस मानता येते. ही सोय २०२२ च्या वित्त कायद्याने दिली. तरीही ती रक्कम दुरुस्तीवरच खर्चावी लागते. देणगीदाराला आयकरात मिणारी ८०जी कलमाची सवलतही अशाच चर्चच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही. इतर चर्चनी पावतीवर ‘८०जी’ छापू नये. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा पावतीपुस्तक छापण्याआधी सीएला दाखवा.

वसई किल्ल्यातली चर्चं किंवा जुन्या गोव्याचं बॉम जेझस पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तिथली दुरुस्ती भाविकांनी परस्पर करायची नसते; अशा स्मारकांसाठी १९९६ पासून राष्ट्रीय संस्कृती निधी आहे.

परदेशातल्या वसईकर-गोंयकारांच्या पैशाबाबत आधी पासपोर्ट विचारा. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. पोर्तुगीज किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग तो गावचाच असला तरी. तिच्यासाठी ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.