हिसका दिला की अडतो

हाजीअलीहून परळला परत येताना कॅबमध्ये माझी भाची मागच्या सीटचा पट्टा स्वतःच लावायचा हट्ट धरते. घाईने ओढते, पट्टा अडकतो. चिडून आणखी जोरात ओढते, तो हलायचं नावच घेत नाही. मग मी म्हणतो, "सोड. आता हळू ओढ." हळू ओढला की तोच पट्टा मुकाट्याने बाहेर येतो.

ती आठ वर्षांची आहे. हाजीअलीला आम्ही जातो ते ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनमध्ये. १९५५ पासूनची ही संस्था, पण एवढं लांबलचक नाव आमच्याकडे कोणी घेत नाही. 'उद्या हाजीअली आहे' म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं. तिच्या पोटऱ्या आखडलेल्या आहेत, कॅलिपर, म्हणजे पायाला धरून ठेवणारे आधार, काढले की टाचा टेकत नाहीत. कागदावर लिहिलंय 'स्पॅस्टिक डायप्लेजिया', म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय आखडणारी सेरेब्रल पाल्सी. सीटचा पट्टा आणि तिची पोटरी एकाच तऱ्हेने अडतात, हे माझ्या डोक्यात शिरलं ते मात्र एक शर्यत बघताना.

३० ऑगस्ट २०२४, पॅरिसचं स्टाद द फ्रान्स, तो जांभळा ट्रॅक. महिलांची १०० मीटर, वर्ग टी-३५. चीनच्या झोऊ शियाने १३.५८ सेकंदांत सुवर्ण घेतलं, तिच्याच देशाच्या गुओ छियानछियानने १३.७४ मध्ये रौप्य, आणि तिसरी आली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्याची प्रीती पाल, १४.२१ सेकंद. पॅरालिम्पिकमध्ये भारताला ट्रॅकवर मिळालेलं हे पहिलं पदक. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं, त्यानंतर धावण्यातलं पहिलं पदक यायला ५२ वर्षं लागली. मधल्या काळात भालाफेक, उंच उडी, गोळाफेक यांत पदकं येत होती, धावण्यात नाही.

मी ती शर्यत रात्री लोकलमध्ये उभ्याने, आवाज बंद करून, फोनवर पाहिली. आवाज बंद असल्यामुळे असेल, पण माझं लक्ष फक्त पायांकडे गेलं.

पॅरा-ॲथलेटिक्समध्ये 'टी' म्हणजे ट्रॅक, पुढचा आकडा अडचणीचा प्रकार सांगतो. ११ ते १३ दृष्टीचे वर्ग, २० बौद्धिक, चाळिशीतले बहुतेक हातापायांचे. सुरगाण्याच्या दिलीप गावितने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं तो वर्ग टी-४७, एका हातात दोष असलेल्यांचा. तिशीतल्या वर्गांत हातपाय जागेवर असतात, अडचण असते ती त्यांना चालवणाऱ्या यंत्रणेत. यातले बहुतेक खेळाडू सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूला जन्माच्या आगेमागेच इजा झालेले, काहींच्या मेंदूला नंतर इजा झालेली. टी-३५ मध्ये मुख्यतः दोन्ही पायांना फटका बसलेला असतो. वर्ग ठरवणारे तज्ज्ञ तपासतात तेही हेच, की सांधा हळू हलवला तर काय होतं आणि झटक्यात हलवला तर काय होतं.

आता पट्ट्याकडे येऊ. प्रत्येक स्नायूच्या आत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. स्नायू झटकन ताणला गेला की ते मणक्यातल्या मज्जारज्जूला खबर देतात आणि मज्जारज्जू वर मेंदूला न विचारता परस्पर 'आवळ' असा हुकूम सोडतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो यामुळेच. सगळा कारभार सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागात उरकतो. मेंदू स्नायूंना हुकूम देतो एवढंच आपण शाळेत शिकतो, पण या खालच्या उतावळ्या कारकुनाला 'थांब रे, मी बघतो' म्हणत दाबून ठेवणं हेही मेंदूचं मोठं काम. ती दाबून ठेवणारी तार तुटली की कारकून मोकाट सुटतो.

ऑस्ट्रेलियाचे मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये स्पॅस्टिसिटीची, म्हणजे या आखडण्याची, जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे: स्नायूचा विरोध ताणण्याच्या वेगावर अवलंबून असतो. हळू ताणा, फारसं काही होत नाही. जोरात ताणा, अडतो. गाडीच्या पट्ट्यातही असंच. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आतली चकती फाकते आणि दात अडकतात.

पण पायच का? हाजीअलीच्या बाकावर कॅलिपर घातलेली पोरं हातांनी मजेत वडापाव खात असतात, हे कोडं मला बरेच दिवस होतं. उत्तर मेंदूच्या नकाशात आहे. मेंदूच्या मधोमध द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. पायांकडे जाणाऱ्या तारा त्या पोकळ्यांना अगदी खेटून खाली उतरतात, हातांच्या जरा लांबून. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत पोकळीलगतचा हा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा जरा डळमळला की आधी तोच दुखावतो, म्हणजे पहिला फटका पायांना. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या आखडलेल्या पायांचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. त्यांचा स्वतःचाही एक पाय लहानपणापासून अधू होता. गंमत म्हणजे पुढे त्यांच्याशी वाद घातला तो सिग्मंड फ्रॉइड यांनी. स्वप्नांकडे वळण्याआधी ते लहान मुलांच्या मेंदूविकारांवर लिहीत होते. त्यांचं म्हणणं, अवघड बाळंतपण हे कारण नसून पोटातच काही बिघडल्याची खूण असू शकते. आज बहुतेक बाबतींत पारडं फ्रॉइड यांच्या बाजूला झुकतं. बाळंतपणाचा दोष स्वतःकडे घेत बसलेल्या कितीतरी आयांना हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

तर हळू चाललं की स्नायू ऐकतो, वेग वाढवला की अडतो. असं शरीर घेऊन माणसाने कोणता खेळ निवडू नये? अर्थात १०० मीटर.

धावणाऱ्याचा पाय पुढे फेकला जातो तेव्हा गुडघा झपकन सरळ होतो आणि मांडीचा मागचा स्नायू त्या क्षणी जबरदस्त वेगाने ताणला जातो. तिथे पट्टा अडकला की गुडघा पुरता उघडत नाही, पाऊल आखूड पडतं. पाऊल जमिनीवर टेकलं की पोटरी ताणली जाते. ती अडली की टाच वर राहते, चवडाच टेकतो. मांड्यांच्या आतले स्नायू ओढतात, गुडघे एकमेकांना घासतात. त्यात चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलेला एक नियमही मोडलेला असतो. एक स्नायू आवळला की त्याच्या विरुद्धचा आपोआप सैल पडावा, हा तो नियम. इथे दोघे एकदम आवळतात. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबून गाडी चालवण्यासारखं. त्यामुळेच सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना नुसतं चालायलाही आपल्या दुप्पट-तिप्पट शक्ती लागते.

अव्वल धावपटूचं पाऊल जमिनीवर जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टिकतं. पीटर वेयांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवलं की वेगवान माणूस पाय हवेत फार भराभर फिरवत नाही, ते काम मंद धावणाराही जवळपास तेवढ्याच वेळात करतो. फरक पडतो तो त्या इवल्याशा क्षणात जमिनीला किती जोर दिला यावर. म्हणजे टी-३५ च्या खेळाडूला क्षणात पूर्ण आवळायचं आणि क्षणात पूर्ण सोडायचं असतं. आवळणं त्यातल्या त्यात सोपं, सोडणं कठीण. प्रीतीचे १४.२१ सेकंद म्हणजे सरासरी ताशी २५ किलोमीटर. सायनच्या सिग्नलपाशी संध्याकाळी बसमध्ये बसलेल्या कोणालाही हा वेग हेवा वाटावा असाच आहे.

दोनच दिवसांनी, १ सप्टेंबरला, तिने २०० मीटरमध्येही कांस्य घेतलं, ३०.०१ सेकंदांत. इथे मला पेन्सिल घेऊन बसायचा मोह आवरला नाही. उसेन बोल्टचे विक्रम ९.५८ आणि १९.१९, म्हणजे २०० मीटरला १०० च्या जवळजवळ दुप्पट वेळ. सुरुवातीला वेग पकडण्यात जाणारा वेळ आणि शेवटी येणारा थकवा एकमेकांना फेडतात. प्रीतीचं गुणोत्तर २.११ येतं. वळण आहे, दमणं आहे, आणि दमलेल्या शरीरात स्नायूंचा मेळ आणखी ढळतो. दुसऱ्या शंभर मीटरांची किंमत तिच्या वर्गात जास्त पडते असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, दोन आकड्यांवर सिद्धांत उभा राहत नाही.

प्रीतीचा जन्म शेतकरी घरातला, २००० सालचा. जन्मानंतर सहाव्या दिवशी कमरेखाली प्लास्टर, पाचव्या वर्षी कॅलिपर, ते आठ वर्षं. प्लास्टर-कॅलिपर कशासाठी? हाडं वाढतात तसा स्नायू ताणला जातो आणि ताणला गेला तरच लांब होतो. त्याच्या तंतूंत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म डबे एकामागे एक जोडलेले असतात, लोकलच्या रेकसारखे. वाढत्या वयात नवे डबे जोडले जातात. आखडलेल्या स्नायूत ते पुरेसे जोडले जात नाहीत, हाड पुढे निघून जातं. म्हणून मूल उंच व्हायला लागलं की चाल बिघडते. पायाला ताणलेल्या स्थितीत धरून ठेवायचं काम कॅलिपर करतात. ते मेंदूतली तार जोडत नाहीत.

सतराव्या वर्षाच्या सुमारास तिने समाजमाध्यमांवर पॅरालिम्पिकचे व्हिडिओ पाहिले. मग पॅरा-खेळाडू फातिमा खातून यांनी हात दिला आणि पुढे दिल्लीत गजेंद्र सिंह यांच्याकडे सराव सुरू झाला. पॅरिसमध्येच टी-१२ वर्गात २०० मीटरचं कांस्य जिंकणारी सिमरन शर्मा त्यांचीच पत्नी आणि शिष्या. २०२३ च्या हांगझोऊमध्ये प्रीती दोन्ही शर्यतींत पदकाला मुकली होती. मे २०२४ मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं कांस्य आलं आणि तीन महिन्यांनी पॅरिस.

अशा मुलीने वजनं उचलावीत, जोरात पळावं, असं कोणी तिच्या जन्माआधी सुचवलं असतं तर बऱ्याच डॉक्टरांनी कपाळाला हात लावला असता. आखडलेल्या स्नायूला ताकद दिली तर तो आणखी आखडेल, ही कित्येक दशकांची पक्की समजूत. १९९०च्या दशकात डायेन डॅमियानो यांच्यासारख्या संशोधकांनी मुलांकडून प्रत्यक्ष व्यायाम करून घेऊन मोजलं. ताकद वाढली, आखडणं वाढलं नाही. उलट हे स्नायू मुळात कमजोरच असतात, ताठपणामुळे ते बळकट वाटतात इतकंच. तरीही आमच्या एका फिजिओथेरपिस्टने 'जास्त पळवू नका हं तिला' असं गेल्याच वर्षी बजावलं होतं. जुन्या समजुती पाठ्यपुस्तकातून गेल्या तरी तोंडातून जायला वेळ लागतो.

८ सप्टेंबरला आमचा दीड दिवसाचा गणपती गेला. त्याच रात्री उशिरा पॅरिसच्या समारोपात तिरंदाज हरविंदर सिंगबरोबर तिरंगा प्रीतीच्या हातात होता. भाची जागी होती. मी तिला फोनवर परत शंभर मीटरची शर्यत दाखवली. तिने ती तीनदा पाहिली, तिसऱ्यांदा फोन अगदी डोळ्यांजवळ धरून.

"मामा, हिचे कॅलिपर?"

"लहानपणी होते. आता नाहीत."

तिने जरा विचार केला. तिचे स्वतःचे पहिले दोन जोड, पाय वाढल्यामुळे आखूड झालेले, आमच्या माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी ठेवलेले आहेत.

"मग माळ्यावर असतील," ती म्हणाली, आणि शर्यत चौथ्यांदा लावली.