आर्केड कॅबिनेटमधील संगणकाचे वायुवीजन

उभ्या लाकडी आर्केड कॅबिनेटात (नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीत) बसवलेल्या संगणकाची उष्णता बाहेर घालवून तिच्या जागी खोलीतली थंड हवा आत आणण्याची व्यवस्था. १९९७ मध्ये निकोला साल्मोरिया यांचा ‘मेम’ हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या आर्केड यंत्रांची नक्कल करून त्यांचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम, आला. पुढे जुन्या कॅबिनेटांत मूळ सर्किट बोर्डाच्या जागी घरगुती संगणक बसवण्याची हौस वाढली आणि बंद पेटीत कोंडलेल्या हवेचा प्रश्न हौशी मंडळींच्या वाट्याला आला.

तसा हा प्रश्न मूळ उत्पादकांनाही होताच. पिक्चर ट्यूबचा मॉनिटर, वीजपुरवठा आणि माथ्यावरच्या नावाच्या पाटीमागची ट्यूबलाइट मिळून आतली हवा चांगलीच तापे. म्हणून मागच्या बाजूला वर आणि खाली झरोके ठेवलेले असत. गरम हवा वर चढून बाहेर पडे, खालून थंड हवा आत येई. पंखा नाही, आवाज नाही. कॅबिनेटाचे रूपांतर करताना नवी मागची फळी कापली जाते, तेव्हा नेमके हेच झरोके विसरले जातात.

प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) हे उष्णतेचे मंद वाहक आहेत. पत्र्याची पेटी अंगातून थोडीफार उष्णता सोडते, लाकडी पेटी त्याहून कमी सोडते. संगणक मात्र जितकी वीज घेतो तितकीच उष्णता हवेत टाकतो : १५० वॅट घेतले, तर १५० वॅटचा हीटर पेटीत ठेवल्यासारखे. आतली हवा खोलीपेक्षा १० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर एवढ्या उष्णतेसाठी मिनिटाला सुमारे पाऊण घनमीटर हवा बदलावी लागते. १२० मिलिमीटरच्या साध्या पंख्याच्या खोक्यावर बहुधा याहून बराच मोठा आकडा छापलेला असतो. पण तो मोकळ्या हवेतला. जाळी, अरुंद भोक आणि वायरींचे जंजाळ यांतून वाहताना त्यात मोठी घट येते. तरीही नीट बसवलेला एक पंखा बहुतेक कॅबिनेटांना पुरतो. निव्वळ झरोक्यांवर भिस्त ठेवायची तर ते ऐसपैस हवेत, कारण माणसाएवढ्या उंचीच्या पेटीत गरम हवेच्या चढण्याने निर्माण होणारा दाब फार क्षीण असतो, एक पास्कलही भरत नाही.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे प्रोसेसर तापला की त्यावर मोठा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा पंखेरी ठोकळा) चढवणे किंवा संगणकाच्या डब्यात आणखी पंखे लावणे. डब्यातून बाहेर पडलेली गरम हवा कॅबिनेटातच फिरते आणि पुढच्या क्षणी तोच पंखा ती पुन्हा ओढतो. हीटसिंक फक्त आजूबाजूच्या हवेशी देवाणघेवाण करू शकतो; ती हवाच ४५ अंशांवर असेल तर तो तरी काय करणार? दोष कुठे आहे हे ओळखायची सोपी चाचणी आहे. मागचे दार लावून तासभर खेळ चालवावा, प्रोसेसरचे तापमान नोंदवावे, मग दार उघडून थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. आकडा १०–१२ अंशांनी खाली आला तर कॅबिनेट दोषी. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर संगणकाचा स्वतःचा कूलर तपासावा. प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला की आपला वेग आपणच कमी करतो, त्यामुळे ही अडचण खेळणाऱ्याला आधी अडखळत्या खेळाच्या रूपाने जाणवते.

हवा बाहेर टाकणारा पंखा मागे, शक्य तितका वर आणि आत येण्याची वाट खाली, संगणकाच्या जवळ, अशी मांडणी रूढ आहे. दोन्ही भोके शेजारीशेजारी ठेवली तर हवा एकातून आत येऊन लगेच दुसऱ्यातून निघून जाते, संगणकापर्यंत पोचतच नाही. प्रवेशाचे भोक पंख्याच्या भोकापेक्षा मोठे असावे, कारण जाळीच्या तारांनी बरीच जागा अडलेली असते. कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवले तर वरची सगळी मेहनत वाया जाते. मागे काही इंच तरी मोकळे हवेत.

हवा बाहेर ओढणारा पंखा नाणे टाकायच्या दाराच्या आणि बटणांच्या फटींतूनही हवा खेचतो, आणि तिच्याबरोबर धूळ. पंखा उलटा बसवून गाळणीतून हवा आत ढकलली तर धूळ कमी येते. गाळणी वेळच्या वेळी धुण्याची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा. चोंदलेली गाळणी बंद झरोक्यासारखीच.

पिक्चर ट्यूब तशीच ठेवली असेल तर पंखा तिच्यापासून लांब बसवावा. मोटरच्या चुंबकाने पडद्यावरचे रंग डागाळू शकतात. ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे उच्च दाबाच्या टोकावर, २० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो, तेव्हा तिच्याजवळ भोके पाडणे जाणकारावरच सोपवावे. आवाजाचा त्रास होत असेल तर १२ व्होल्टचा पंखा एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या) १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये जोडून ७ व्होल्टवर चालवण्याची जुनी युक्ती आहे. काही पंखे मात्र एवढ्या कमी दाबावर सुरूच होत नाहीत, म्हणून फळी बंद करण्याआधी आपला पंखा थांबलेल्या स्थितीतून फिरू लागतो ना, हे पाहून घ्यावे.