वंशावळीतला दगडू

घरची वंशावळ मांडायला बसलेला माणूस चौथ्या-पाचव्या पिढीपाशी हमखास थबकतो. अलीकडे रमेश, शंकर, दत्तात्रय असं सगळं ओळखीचं चाललेलं असतं. जरा मागे गेलं की सुरू होतात दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकाजी, चिंधू आणि मूळ गाव विदर्भातलं असेल तर उकंडा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या असोत की गावचं जन्म-मृत्यूचं जुनं बुक, ही मंडळी भेटतातच. मग घरातली तरुण पोरं हसतात: आपले पूर्वज अडाणी होते, त्यांना धड नावंही ठेवता येत नव्हती!

अडाणीपणाचा इथे काही संबंध नाही. १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. महर्षी कर्वे धोंडो केशव. गणित आणि ज्योतिषात नाव काढलेले केरूनाना छत्रे (१८२५–१८८४) खरे विनायक लक्ष्मण, पण जगाने ओळखलं ते केरू म्हणून. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचं पूर्ण नाव विष्णु भिकाजी गोखले. कवी दया पवार मूळचे दगडू. म्हणजे वाडा असो की वस्ती, ही नावं सगळीकडे होती.

कारण होतं पाळण्यातल्या मरणाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्या देशात जन्मलेल्या हजारातली दोनशेच्या आसपास बाळं पहिलं वर्षही पुरं करत नसत. ओळीने दोन-तीन मुलं गेली की घरातल्या बायका पुढच्या खेपेला मृत्यूलाच फसवायला निघत. गोड, देखणं नाव ठेवलं तर त्याची नजर जाणार. दगडाकडे, केराकडे कोण बघतो? नुसत्या नावावर भागत नसे, ते खरं करून दाखवावं लागे. बाळाला उकिरड्यावर ठेवायचं आणि सापडल्यासारखं उचलून आणायचं, की झाला उकंडा. पसाभर धान्याच्या बदल्यात ते शेजारणीला ‘विकायचं’ आणि मागून परत घ्यायचं. मुलाचं नाक टोचून त्याला मुलीसारखं वाढवायचं, तो नथू. भिकाजी म्हणजे भीक मागून पदरात पडलेला. ज्याला घरात सगळ्यांत जास्त जपलं, त्याचंच नाव सगळ्यांत टाकाऊ.

म्हणून वंशावळीत दगडू सापडला की त्याच्या आधीची जागा बघावी. तिथे बहुधा एक-दोन भावंडं हरवलेली असतात. जुन्या नोंदींत त्यांची नावंही नसतात. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. बारसं होण्याआधीच गेलेली ती.

अर्थात दिसेल त्या नावाला हा अर्थ चिकटवू नये. दादासाहेब फाळक्यांचं धुंडिराज हे नाव ऐकायला धोंडूच्या जवळचं, पण तो काशीचा ढुंढिराज गणपती. पिराजी, फकिरा ही नवसाची नावं. त्यांचं कूळ वेगळं.

मुलींच्या बाबतीत मात्र मला हा खुलासा पुरेसा वाटत नाही. दगडाबाई, धोंडाबाई काही ठिकाणी भावांसारख्याच जगवण्यासाठी ठेवलेल्या असतील. पण ‘नकोशी’, ‘नकुसा’ यात मृत्यूला फसवणं नाही. मुली पुरे झाल्या, आता मुलगा हवा, हे उघड सांगणं आहे. सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) लहानपणी ‘चिंधी’ होत्या, नको असलेली मुलगी म्हणून. ही फार जुनी गोष्टही नाही: २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ नकोशींची नावं समारंभाने बदलली गेली.

त्यातही एक अडचण आहे. बहुतेक जुन्या वंशावळी पुरुषांच्याच. बाईचं नाव कुठे आलंच तर ते सासरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं, की जुनं पुसलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. रमाबाई रानडेही यमुनाच. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. तेव्हा पणजीचं माहेर शोधायला निघालात आणि तिथल्या नोंदींत तिचं सासरचं नाव धुंडाळत बसलात, तर ती सापडायची नाही.