चोरलेला देवदूत नक्की कुणाचा?

“मामा, हा आता माझा,” असं म्हणत भाच्यानं माझ्या पुढ्यातलं सेरा एंजलचं कार्ड उचललं आणि आपल्या बाजूला नेऊन ठेवलं. त्यावर कंट्रोल मॅजिक नावाचं निळं कार्ड चढवलं. चार मॅना (कार्ड खेळण्यासाठी मोजायची या खेळातली जादूची शक्ती) खर्च केले आणि स्वारी मोकळी! ताकद चार, चिवटपणा चार, वर उडता येतं, असा माझा देवदूत आता माझ्याकडेच डोळे वटारून बघत होता.

खेळ होता ‘मॅजिक: द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञानं तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. गारफिल्डची डॉक्टरेट कॉम्बिनेटोरिक्समधली, म्हणजे मांडण्या आणि निवडी मोजण्याच्या गणितातली. कंट्रोल मॅजिक हे कार्ड अगदी पहिल्या संचापासून या खेळात आहे. म्हणजे दुसऱ्याचे प्राणी (लढणाऱ्या सगळ्या कार्डांना इथे प्राणीच म्हणतात, देवदूतालाही) पळवणं ही मागाहून सुचलेली चलाखी नाही, ती मुळातलीच.

भाच्याचं वाक्य मात्र चूक होतं. देवदूत त्याचा झालाच नव्हता. या खेळात मालकी वेगळी आणि ताबा वेगळा. खेळ सुरू होताना कार्ड ज्याच्या डेकमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या गठ्ठ्यात असतं तो मालक, मग डावात काहीही होवो. ताबा मात्र हातोहात फिरतो. चोरलेला प्राणी मेला की तो मालकाच्या स्मशानात, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात जातो, चोराच्या नाही. (सुरुवातीच्या काळात कार्डं पणाला लावून खेळायची सोय होती आणि मालकीच बदलणारी काही कार्डंही होती. ती प्रथा मागे पडली, ते बरंच झालं.) जपानी बुद्धिबळ शोगीशी ताडून बघा. तिथे मारलेला मोहरा खरोखर तुमचा होतो. सगळे मोहरे एकाच रंगाचे असतात, टोक कुणाकडे आहे यावरून बाजू ओळखायची. मोहरा उलटा फिरवून पटावर ठेवला की काम झालं, तो आधी कुणाचा होता हे लक्षात ठेवायची गरजच नाही. मॅजिकमध्ये मात्र आधीचं सगळं लक्षात ठेवावं लागतं, आणि मला ज्याचं वेड लागलं ते याच लक्षात ठेवण्याचं.

मी पोटासाठी प्रोग्रॅम लिहितो. एका रविवारी वाटलं, या खेळातल्या ताब्याचा हिशेब ठेवणारा छोटासा प्रोग्रॅम लिहावा. त्यात अवघड ते काय? प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत ‘ताबा’ नावाचा एक रकाना. पळवणारं कार्ड आलं की रकान्यातलं जुनं नाव त्या कार्डाच्या खिशात टाकायचं आणि रकान्यात नवं नाव लिहायचं. ते कार्ड नष्ट झालं की खिशातलं नाव काढून परत रकान्यात. दहा ओळींत उरकलं. दोघांच्या डावात ठीक चाललं.

मग तिसरा खेळाडू आला, भाच्याची मैत्रीण. आता बघा काय झालं. देवदूत माझा, रकान्यात ‘मी’. भाच्यानं कंट्रोल मॅजिक टाकलं: खिशात ‘मी’, रकान्यात ‘भाचा’. मैत्रिणीनं तसलंच दुसरं कार्ड टाकलं: तिच्या कार्डाच्या खिशात ‘भाचा’, रकान्यात ‘मैत्रीण’. इथवर सगळं ठीक. मग मी भाच्याचं कंट्रोल मॅजिक मोडून टाकलं. प्रोग्रॅमनं त्याच्या खिशातून ‘मी’ काढलं आणि देवदूत मला देऊन टाकला! मैत्रिणीचं कार्ड देवदूताच्या डोक्यावर शाबूत असताना. पुढच्या फेरीत तिचंही कार्ड मोडलं. तिच्या खिशातून निघालं ‘भाचा’. म्हणजे ज्याचं कार्ड केव्हाच स्मशानात गेलं, त्याच्याकडे देवदूत फुकटात चालत गेला.

चूक दहा ओळींत नव्हती, विचारात होती. मी ताबा ही साठवून ठेवायची वस्तू धरली होती. खेळाचे नियम तसं करत नाहीत. त्यांच्या लेखी ताबा साठवायचा नसतोच, तो दर वेळी नव्यानं काढायचा असतो. पाटी कोरी करा. सुरुवातीला प्राणी मालकाचा. मग आत्ता, या क्षणी टेबलावर जिवंत असलेले ताबा बदलणारे परिणाम गोळा करा आणि ज्या क्रमानं ते आले त्या क्रमानं लावा. शेवटचा जो लागला त्याचा ताबा. बस्स. मधलं एखादं कार्ड मोडलं तर वरवर काहीच हलत नाही, पण पुढच्या वेळी पाटी पुसली की त्याचं नाव गाळलेलं असतं. परत करणं, आठवणं, खिसे, यातलं काही लागत नाही. पासबुकातली शिल्लक ही काही वेगळी वस्तू नाही, जमा-खर्चाच्या नोंदी खऱ्या आणि शिल्लक ही नुसती बेरीज. एखादी नोंद रद्द झाली की पुन्हा बेरीज करायची. हे तसंच.

याचा एक मजेदार परिणाम. नवा प्राणी आल्या आल्या हल्ला करू शकत नाही हे खेळणाऱ्यांना माहीत असतं. खरा नियम असा की तुमची पाळी सुरू झाल्यापासून तो सलग तुमच्या ताब्यात हवा. म्हणजे चोरलेल्या प्राण्यालाही थांबावं लागतं. (म्हणूनच ॲक्ट ऑफ ट्रीझनसारखी एका पाळीपुरती चोरी करणारी कार्डं प्राण्याला घाईची शक्तीही देतात, नाहीतर चोरून उपयोग काय?) आणि माझाच देवदूत माझ्या पाळीच्या मध्यावर मला परत मिळाला, तर तोही त्या पाळीत हल्ल्याला जाणार नाही. सलगता तुटली ना!

पण नुसता काळाचा क्रम पुरत नाही. माझ्याकडे ग्लोरियस अँथम आहे: ‘तुमच्या ताब्यातल्या प्राण्यांना अधिक एक, अधिक एक.’ ते टेबलावर असताना माझा देवदूत पाच-पाचचा होता, म्हणजे ताकद पाच, चिवटपणा पाच. नंतर भाच्यानं तो पळवला. आता कोऱ्या पाटीवर काळाच्या क्रमानं गणित करा: आधी अँथम, देवदूत अजून माझा, म्हणून पाच-पाच. मग कंट्रोल मॅजिक, देवदूत भाच्याकडे, पाच-पाच होऊनच. माझ्या कार्डाचा फायदा त्याला! हे उघडच वेडगळ आहे. म्हणून नियमांनी सात थर पाडले आहेत. आधी नक्कल, मग ताबा, मग कार्डावरच्या मजकुरातले बदल, मग प्रकार, रंग, क्षमता, आणि सर्वांत शेवटी ताकद आणि चिवटपणा. काळाचा क्रम फक्त थराच्या आत. ताबा दुसऱ्याच थरात ठरून जातो, कारण ‘तुमच्या ताब्यातले’ हे शब्द पुढच्या कितीतरी कार्डांवर छापलेले असतात. देवदूत भाच्याचा झाला की सातव्या थरात अँथमला तो दिसतच नाही. चार-चार. कुणाला वजाबाकी करावी लागली नाही.

आता जरा खोल पाण्यात. एकाच थरात दोन परिणाम असले आणि एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून असलं तर? १९९९ च्या अर्झाज डेस्टिनी संचात ऑरा थीफ नावाचं कार्ड आहे. ते मेलं की टेबलावरच्या सगळ्या मंत्रकार्डांचा (कंट्रोल मॅजिक त्यातलंच) ताबा तुम्हाला मिळतो, कार्डं मात्र असतात तिथेच राहतात. भाच्याचं कंट्रोल मॅजिक माझ्या देवदूतावर आहे आणि माझा ऑरा थीफ मेला. कंट्रोल मॅजिकवर लिहिलंय, ‘हा प्राणी तुमच्या ताब्यात.’ हे ‘तुम्ही’ म्हणजे कोण? ज्याच्या ताब्यात कंट्रोल मॅजिक तो. दोन्ही परिणाम दुसऱ्या थरातले. काळाच्या क्रमानं गेलो तर आधी कंट्रोल मॅजिक लागेल, तेव्हा ‘तुम्ही’ म्हणजे भाचा, देवदूत त्याचा. मग मंत्र माझ्याकडे येईल, देवदूत मात्र त्याच्याकडेच. लगाम माझ्या हातात आणि घोड्यावर तो!

नियम इथे एक सुंदर प्रश्न विचारतात: तो दुसरा परिणाम आधी लावला असता, तर या पहिल्याचं काम बदललं असतं का? बदललं असतं, तर पहिला दुसऱ्यावर अवलंबून, त्यानं थांबायचं. कंट्रोल मॅजिक थांबतं, ऑरा थीफचा परिणाम आधी लागतो, ‘तुम्ही’ म्हणजे मी ठरतो आणि देवदूत घरी येतो. आणि दोन परिणाम एकमेकांवरच अवलंबून असले, चक्रच झालं, तर? तर अवलंबनाचा नियम सोडून द्यायचा आणि पुन्हा काळाच्या क्रमावर यायचं. इथवर येऊन कुणाला चक्कर आली असेल तर त्यात गैर काही नाही, पंचांनाही हा भाग घोकावा लागतो.

हे सगळं संगणकशास्त्राच्या जुन्या ओळखीचं आहे. कोण कुणावर अवलंबून ते पाहून क्रम लावण्याची एक पद्धत संगणकशास्त्रज्ञ आर्थर कान यांनी १९६२ मध्ये छापली. स्प्रेडशीटमधला एक आकडा बदलला की बाकीचे रकाने योग्य क्रमानं बदलतात ते याच विचारानं, आणि एखादं सूत्र फिरून स्वतःवरच आलं की स्प्रेडशीटही तक्रार करतं. दुसरे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवलं की एकमेकांपासून लांब असलेल्या संगणकांना घड्याळातली वेळ सारखी नसली तरी चालतं, कशानंतर काय घडलं याचा क्रम एकमतानं लावता आला की पुरे. मॅजिकमधली वेळही तशीच. किती वाजले याला काही अर्थ नाही, कुणाच्या मागून कोण आलं एवढंच.

जाता जाता दोन फुगे फोडतो. पहिला जाहिरातींचा. फोनवर ‘वशीकरण, चोवीस तासांत गुण’ अशा जाहिराती येतात. कार्डांच्या खेळातल्या वशीकरणाला किंमत आहे, क्रम आहे, तोड आहे आणि ते फसलं तर का फसलं हे सांगता येतं. बाबांच्या वशीकरणात यातलं एकच असतं: किंमत.

दुसरा फुगा बातम्यांचा. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये दाखवलं की या खेळाच्या आत ट्युरिंग यंत्र, म्हणजे पट्टीवरची चिन्हं वाचत-लिहीत चालणारा कागदावरचा संगणक, बांधता येतं. प्राण्यांची रांग ही यंत्राची पट्टी, प्राण्याची जात म्हणजे पट्टीवरचं चिन्ह आणि त्याची ताकद सांगते की तो वाचायच्या जागेपासून किती दूर आहे. एकदा मांडणी झाली की पुढची प्रत्येक चाल सक्तीची, दोघांपैकी कुणालाही निवड नाही. लगेच मथळे आले: जगातला सर्वांत अवघड खेळ! निष्कर्ष तेवढा भडक नाही. कुठलीही मांडणी दिली तरी अखेर कोण जिंकेल हे हमखास सांगणारी रीत असू शकत नाही, एवढंच त्यातून निघतं, आणि त्याचं मूळ गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या १९३६ सालच्या निबंधात आहे. भाचा मला कसा हरवतो हे कळायला असल्या प्रमेयाची गरज नाही.

तो आता एक पायरी वर गेला आहे. २००३ च्या मिरोडिन संचात माइंडस्लेव्हर नावाचं यंत्र आहे. ते प्राणी पळवत नाही, माणूसच पळवतं: समोरच्याची पुढची अख्खी पाळी तुम्ही खेळायची. परवा त्यानं ते माझ्यावर चालवलं, माझ्या हातातली कार्डं निवांत वाचली आणि माझ्याच देवदूतावर माझ्याच हातानं मारा करायच्या तयारीला लागला. नियम त्याला जवळजवळ सगळं करू देतात. फक्त माझ्या वतीनं हार मानता येत नाही, तो निर्णय माझ्याच ताब्यात राहतो. मी तो लगेच घेतला.