गटनिहाय स्टॅटिक रेंडरिंग

आधीच तयार करून ठेवलेल्या वेब पानाच्या अनेक आवृत्त्या बनवून, येणारा वाचक ज्या गटातला असेल त्या गटाची आवृत्ती त्याला देण्याची पद्धत. सेगमेंटेड रेंडरिंग या नावानेही ती ओळखली जाते.

स्टॅटिक पान बिल्डच्या वेळी, म्हणजे साइट प्रकाशित करण्याआधीच, एकदाच तयार होते आणि सीडीएनवर, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्यावर, जाऊन बसते. मागणी आली की डेटाबेसला हात न लावता ते तसेच्या तसे उचलून दिले जाते. म्हणून झटकन उघडते आणि स्वस्तही पडते. पण ते सगळ्यांना सारखेच दिसते. या अडचणीचा जरा जास्तच बाऊ केला जातो. बहुतेक साइटना माणूस न् माणूस ओळखायचा नसतो, तो कुठल्या गटातला एवढे कळले तरी भागते. मुंबईत पावभाजीच्या गाडीवर गिऱ्हाइकागणिक नवी भाजी शिजत नाही. ‘जैन की रेग्युलर?’ एवढेच विचारतात आणि तयार भाजीतून ताटली भरतात.

समजा, मराठी नाटकांचे प्रयोग दाखवणारी साइट आहे. नाट्यगृहे तीन: दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ आणि ठाण्याचे गडकरी रंगायतन. भाषा दोन, शिवाय प्रेक्षक सभासद किंवा बिगरसभासद. 3 × 2 × 2, म्हणजे 12 आवृत्त्या. प्रत्येकीला ‘ठाणे-मराठी-सभासद’ असा आतला पत्ता असतो, ब्राउझरमध्ये मात्र सगळ्यांना एकच पत्ता दिसतो. मागणी आली की मिडलवेअर नावाचा छोटा प्रोग्राम कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद) वाचतो आणि पत्ता आतल्या आत बदलतो. हे रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर धाडणे) नव्हे, रीराईट. वाचकाच्या ब्राउझरला दुसरी फेरी मारावी लागत नाही.

वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर असा निर्णय घेण्याची कल्पना जुनीच. पानाचे तुकडे तिथेच जोडण्यासाठी एज साइड इन्क्लूड्सचा मसुदा 2001 मध्येच पुढे आला होता. अशा सर्व्हरवर प्रोग्राम चालवू देणारी क्लाउडफ्लेअर वर्कर्स ही सेवा (2017) आणि साइट बनवण्याच्या नेक्स्ट.जेएस 12 या चौकटीतले मिडलवेअर (2021) यांनी हे काम सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणले. त्याआधीची सोपी वाट, म्हणजे पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये मजकूर बदलणे, आजही सर्रास वापरली जाते. तिच्यात आधी एक तारीख दिसते, मग ती उडून दुसरी येते आणि बोट भलत्याच बटणावर पडते. पानाची अशी हलवाहलव मोजणाऱ्या सीएलएस या मापात 0.1 पर्यंतचा आकडा चांगला मानतात.

गट कसा ओळखायचा, हा खरा कळीचा मुद्दा. ब्राउझर भाषेची पसंती कळवतो, पण मुंबईत फोन इंग्रजीत ठेवून मराठी वाचणारे घरोघरी आहेत. आयपी पत्त्यावरून दादर आणि ठाणे यांतला फरक कळेल याचाही भरवसा नाही. त्यापेक्षा एकदाच विचारून उत्तर कुकीत ठेवलेले बरे.

निकष वाढले की आवृत्त्या गुणाकाराने वाढतात. वरच्या उदाहरणात चार वयोगट घातले तर 48. मग सगळ्या आधी न बनवता, जिची पहिली मागणी येईल ती तेव्हा बनवून साठवतात. कॅशच्या चावीत, म्हणजे साठवलेले पान ज्या खुणेने शोधतात तिच्यात, गट धरला नाही, तर सभासदांचे सवलतीचे दर बिगरसभासदालाही दिसू लागतात. शिवाय आतला पत्ता कुणी थेट टाइप केला आणि तिथे तपासणी नसली, तर ते पान उघडतेच. त्यामुळे सवलतीची पाटी या पद्धतीने दाखवायला हरकत नाही. सभासदाच्या नावाचे तिकीट मात्र लॉगिन तपासून सर्व्हरवरूनच द्यावे लागते.